सुवार्ता आणि ऐकणाऱ्याचा नकार
सुवार्ता सांगणे ही ख्रिस्ती माणसाची हौस नाही, ती त्याला मिळालेली आज्ञा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू शिष्यांना साऱ्या राष्ट्रांकडे जायला सांगतो. तेवढे वगळून उरलेला ख्रिस्ती धर्म पाळता येत नाही. श्रद्धा घरात ठेवा आणि समाजात फक्त शाळा-दवाखाने चालवा, असा सल्ला अनेक भले लोक सद्भावनेने देतात. तो आम्हाला मानवत नाही. मात्र त्याच शुभवर्तमानांत ऐकणाऱ्यांच्या नकाराच्याही कथा आहेत, आणि त्यांच्यावर आमच्या मंडळ्यांत फार कमी बोलले जाते. एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही, तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले. येशूने त्या दोघांनाच धमकावले आणि दुसऱ्या गावाची वाट धरली. श्रीमंत तरुण खिन्न होऊन परत फिरला, तेव्हा येशूने अट सैल केली नाही आणि त्याला अडवलेही नाही. माझे म्हणणे असे की, सांगण्याची आज्ञा ज्याने दिली त्यानेच नकार सोसायला शिकवले. दुसरे सोडले तर पहिलेही पाळले जात नाही.

आपल्याच किनारपट्टीचा इतिहास याला साक्ष आहे. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा खंड सोडला तर 1812 पर्यंत टिकले. देवळे पाडली गेली, जुन्या पोथ्या बाळगणे गुन्हा ठरले. राजसत्तेच्या धाकाने माणसे देवळातून चर्चमध्ये आणता येतात, पण त्या धाकाचा वण साडेचारशे वर्षांनंतरही बुजलेला नाही, आणि गोव्यात सुवार्ता सांगणाऱ्याला आजही त्याचा जाब द्यावा लागतो. तो देणे योग्यच आहे. त्याच सत्तेच्या छायेत 1579 मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी शिकून, ओवी छंदात जवळपास अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये छापले गेले. स्टीफन्स त्या सत्तेपासून अलिप्त होता, असे म्हणता येणार नाही. पण इन्क्विझिशनबद्दल आज कोणाला अभिमान नाही, आणि ‘क्रिस्तपुराण’ मात्र मराठी वाङ्मयाचा अभ्यासक, तो कोणत्याही धर्माचा असो, आपले मानतो.

याहून मोठा पुरावा एका मराठी घरातला आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. त्या घराची झालेली ओढाताण ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी काही न लपवता लिहिली आहे, आणि ती वाचताना टिळकांच्या निर्णयाची किंमत कोणी मोजली हे विसरता येत नाही. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नाही. आधी जातिभेदाविषयीचा त्यांचा विचार बदलला, तोही त्यांच्याच मनात चाललेल्या झगड्यातून, आणि मग 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या काळात नवऱ्याचा शब्द घरात कायदा होता, त्या काळात उत्साही, उतावीळ स्वभावाच्या टिळकांनी याबाबतीत थांबून राहावे, हे मला त्यांच्या कवितेइतकेच महत्त्वाचे वाटते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. अन्न, शिक्षण, औषध देणाऱ्याने धर्मही सांगितला, तर गरजू माणसाची निवड मोकळी कशी राहील? हा आक्षेप पोकळ नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये विधवांसाठी शारदासदन उघडले, ते धर्माबाबत तटस्थ राहील या ग्वाहीवर. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. 1893 मध्ये यावरून वादळ उठले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंनी कोणावर जबरदस्ती केली नाही, याविषयी मला शंका नाही. स्वतःची प्रार्थना दाराआड लपवायला त्यांनी नकार दिला, हेही मला पटते. तरीही ज्या बालविधवेला दुसरे छप्पर नव्हते, तिला ‘नाही’ म्हणणे किती कठीण गेले असते, हा प्रश्न उरतोच. म्हणून ज्याचे अन्न, औषध किंवा निवारा आपल्या हाती आहे त्याच्यापुढे श्रद्धेचा विषय आपण काढू नये, त्याने विचारले तर खरे उत्तर द्यावे. हे बंधन सरकारने घालण्याची वाट आम्ही पाहू नये.

दुसऱ्या बाजूने कायद्यालाही मर्यादा असावी. संविधान सभेत धर्मप्रसाराच्या हक्काला कडवा विरोध झाला होता, तरी तो अनुच्छेद 25 मध्ये राहिला. या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले. त्या निकालावर ख्रिस्ती समाजात नाराजी आहे. मला त्यातला एक भाग मान्य आहे: माणूस बदलतो तो स्वतः, त्याला कोणी बदलत नाही. पण मग तो बदलणाराच कायद्याने जपायला हवा. बळजोरी आणि फसवणूक यांना शिक्षा जरूर व्हावी. सज्ञान माणसाने मनातला विश्वास बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, ही अट मात्र त्याच्याच बुद्धीवर अविश्वास दाखवते. हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने 2012 मध्ये अशी पूर्वसूचनेची अट रद्द केली होती. महाराष्ट्रात या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येक आमदाराने तो निकाल वाचावा, आणि प्रत्येक सुवार्तिकाने ‘स्मृतिचित्रे’ वाचावे.