शपथ नको, मदत घ्या

माहीममध्ये कुणी सिगारेट सोडायची ठरवली की घरात आधी शपथेचा विषय निघतो. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. बुधवारी सेंट मायकलच्या नोव्हेनाला कुणी मेणबत्ती लावून नवस बोलतो, कुणी शीतलादेवीसमोर, कुणी मखदूम बाबांच्या दर्ग्यात. श्रद्धेने माणसाला बळ येतं हे मी मानतो, तेव्हा नवस जरूर बोला. पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ नका, आणि घरच्यांनो, ती घ्यायला लावूही नका. ही माझी कळकळीची विनंती आहे.

सिगारेट सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एखादी ओढली जाण्याचा संभव बराच असतो. त्या संध्याकाळी माणसाने घरी येऊन ‘आज चुकलो’ असं सांगायला हवं, म्हणजे उद्याची काळजी घेता येते. पण ज्याच्या हातून मुलीची शपथ मोडली, तो हे कुणापाशी बोलणार? तो वेलची चघळत जिना चढतो, आल्याआल्या शर्ट बदलतो आणि जेवून गप्प झोपतो. एकदा अशी लपवालपवी सुरू झाली की आठवड्याभरात पाकीट पुन्हा खिशात येतं, कारण मदत मागायला तोंडच उरलेलं नसतं.

‘मनात आणलं तर एका दिवसात सुटते, निर्धार पाहिजे’ असं सांगणारे तुम्हाला खूप भेटतील. निर्धार हवाच. पण निकोटिन झुरक्यासरशी काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि वर्षानुवर्षं मेंदूने त्याची सवय करून घेतलेली असते. कसलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच निघतात, असं या विषयावरचे अभ्यास सांगतात. समुपदेशन आणि औषध यांची जोड मिळाली की हा आकडा कितीतरी वाढतो. याआधी तुमचे प्रयत्न फसले असतील तर तुम्ही कमकुवत नव्हता, तुम्ही एकटे होता.

मदतीचा नंबर इतके दिवस तुमच्या खिशातच होता. २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर तो छापलेला असतो : १८००-११-२३५६. फोन फुकट आहे. ही सेवा २०१६ मध्ये दिल्लीतून सुरू झाली आणि २०१८ मध्ये आपल्या मुंबईत टाटा मेमोरियलकडेही तिचं केंद्र आलं, त्यामुळे मराठीत मोकळेपणाने बोलता येतं. सुटी सिगारेट घेणाऱ्यांच्या हाती पाकीट येतच नाही, म्हणून नंबर इथे मुद्दाम दिला आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. तरी टपरीवर एकेक सिगारेट सहज हाती पडते, आणि नव्याने सोडणाऱ्याला ही एक सिगारेटच नडते.

औषधांविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे गैरसमज फार आहेत. निकोटिनचं च्युइंगम मिळतं. ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावलं तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस ‘हे मला सोसत नाही’ म्हणून सोडून देतो. ते सावकाश चावायचं. जीभ चुणचुणायला लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की पुन्हा दोनचारदा चावायचं. एक च्युइंगम अर्धा तास पुरतं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-सरबत नको, त्याने परिणाम कमी होतो. तुम्ही उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट पेटवत होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, डोस त्यावर ठरतो. हृदयविकार असेल किंवा पोटात बाळ असेल तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या गोळ्याही आहेत. त्या घेण्यात कमीपणा नाही. बीपीची गोळी घेताना कुठे कमीपणा वाटतो?

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप मोडते. हा सगळा त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. काहींचा खोकला उलट वाढतो. घाबरू नका : धुराने निकामी झालेले श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागून साठलेला कफ वर ढकलत असतात. मात्र खोकल्यातून रक्त पडलं, ताप राहिला किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांकडे जाऊन टीबीची तपासणी करून घ्या.

दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. पहिली चहाची. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर निकालात काढतं. धूर बंद झाला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं, म्हणून नेहमीइतकेच कटिंग घेऊनही छातीत धडधडतं, हात थरथरतात, रात्री डोळा लागत नाही, आणि तुम्हाला वाटतं की सिगारेटवाचून हे होतंय. चहा निम्म्यावर आणा. याच कारणाने काही औषधांचे डोसही बदलावे लागतात, तेव्हा कायमची औषधं चालू असतील तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला. दुसरी गोष्ट सकाळची. ‘सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार खरी असते, निकोटिन बंद झाल्यावर काहींना काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. निव्वळ या कारणाने पुन्हा पेटवणारे कमी नाहीत. रात्री इसबगोल, सकाळी गरम पाणी, दिवसा पेरू किंवा पपई आणि थोडं चालणं, एवढ्याने बहुतेकांचं भागतं.

तलफ उठते ती काही मिनिटंच टिकते. तुम्ही पेटवा वा न पेटवा, लाट उतरते. तेवढी मिनिटं हात आणि पाय यांना काम द्या. स्टेशनातून बाहेर पडल्यावर रोजच्या टपरीवरून जाणारा रस्ता महिनाभर बदला. एल. जे. रोडवरून घरी जात असाल तर कापडबाजाराच्या गल्लीतून जा, रेतीबंदरला समुद्राच्या कडेने एक फेरी मारा. ऑफिसातल्या ज्या मित्राबरोबर खाली उतरत होता, त्याला स्पष्ट सांगा की मला देऊ नकोस, मागितली तरी देऊ नकोस. आणि पहिला महिना दारूच्या बैठकीला जाऊ नका. तिथे निश्चय फार लवकर सैल होतो.

सिगारेटऐवजी बिडी किंवा तंबाखू हा तर घातक सौदा आहे. १९९०च्या दशकात संशोधकांनी आपल्याच मुंबई शहरात मतदारयाद्या घेऊन घरोघर फिरून पस्तिशीपुढच्या सुमारे दीड लाख लोकांची नोंद केली आणि पुढे त्यांच्यातले कोण गेले ते तपासलं. बिडी ओढणाऱ्या पुरुषांच्या मृत्यूचं प्रमाण तंबाखूला न शिवलेल्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त निघालं, सिगारेटवाल्यांचं ३७ टक्क्यांनी. बिडी साधी, देशी, म्हणून सौम्य, ही समजूत आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मरणाने खोटी ठरवली आहे. तंबाखूच्या पुडीने तोंडाचं काय होतं, ते परळला टाटाच्या दारात तासभर उभं राहिलं तरी कळतं.

‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असं म्हणणाऱ्या काकांना एवढंच सांगतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात साठीत सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षं जास्त आयुष्य मिळालं, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत नऊ. नातवंडांसोबतची तीन वर्षं कमी नाहीत.

वहिनी, ताई, आई, तुम्हालाही सांगायचं आहे. रोज संध्याकाळी शर्टाचा वास घेऊ नका. ‘आज ओढलीत का?’ याऐवजी ‘आज जास्त त्रास कधी झाला?’ असं विचारा. पहिले काही आठवडे सोडणाऱ्याची चिडचिड होईल, ती तुमच्यावरही निघेल. प्रत्येक वेळी सहनच करा असं मी म्हणणार नाही, पण ‘त्यापेक्षा ओढा एकदाची’ हे वाक्य तेवढं तोंडातून जाऊ देऊ नका.

आणि एखादी ओढली गेलीच, तर त्याच रात्री घरात सांगा. कुठे, कुणाबरोबर, किती वाजता हे कागदावर लिहा, कारण डॉक्टर किंवा फोनवरचा समुपदेशक तेच विचारणार आहे. उरलेलं पाकीट नळाखाली धरून कचऱ्यात टाका. एका सिगारेटने मागचे दिवस वाया जात नाहीत, म्हणून औषध बंद करू नका. सकाळचं च्युइंगम वेळेवर घ्या आणि १८००-११-२३५६ला फोन लावा.