प्रणयकादंबरीची नायिका परावलंबी नाही



आजच्या इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांच्या, म्हणजे प्रेमकथा केंद्रस्थानी असून शेवट सुखान्त असणाऱ्या कादंबऱ्यांच्या, नायिका उद्धारकर्त्या पुरुषाची वाट पाहत असतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे सरसकट विधान अन्यायकारक आहे. हेलन होआंग यांच्या ‘द किस कोशंट’ची (२०१८) स्टेला स्वमग्न असून अर्थमितीत, म्हणजे आर्थिक माहितीच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणात, नामवंत आहे, तर टालिया हिबर्ट यांच्या २०१९ च्या कादंबरीची नायिका क्लोई ब्राउन फायब्रोमायाल्जिया हा दीर्घकालीन वेदनाविकार सांभाळत स्वतंत्र राहायला जाते आणि, हे विशेष महत्त्वाचे, प्रेम लाभले म्हणून तिचा आजार बरा होत नाही. अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी प्रणयकादंबऱ्यांवरील १९८४ च्या आपल्या ग्रंथासाठी वाचक स्त्रियांचेच म्हणणे ऐकून घेतले होते; टीकाकारांनी निदान या कादंबऱ्या वाचून मगच मत द्यावे.

एक वाचक