एक मुक्काम जास्तीचा

जासई हे खाडीकाठचे गाव. अटल सेतूवरून उतरल्यावर लागणाऱ्या या पट्ट्यात डिसेंबरच्या पहाटेही एक साधा स्वेटर पुरतो. याच जासईतून, उलव्यातून, पनवेलमधून नाताळच्या सुटीत उत्तराखंडला बर्फातला ट्रेक करायला निघणारे तरुण आता नवलाचे राहिलेले नाहीत. पहिली पसंती बहुधा केदारकंठाला. कर्नाळा, कळसूबाई अनेकदा झालेले असतात, भाड्याने जाड जॅकेट आणि बूट मिळतात, महिनाभर रोज पळण्याचा सराव होतो. थंडीची तयारी चोख असते. राहून जाते ती उंचीची तयारी, आणि तिला भाड्याचे जॅकेट उपयोगाचे नाही.

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. केदारकंठाची चढाई जिथून सुरू होते ते सांकरी गावच त्याहून सुमारे तीनशे मीटर उंच आहे, आणि शिखर तर ३,८०० मीटरच्या घरात. तिथल्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण जासईइतकेच, २१ टक्के. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ६३ टक्क्यांवर आलेला असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू एक तृतीयांशाहून अधिक कमी. सह्याद्रीत कितीही भटकले तरी याची सवय होत नाही. दम आणि पायांची ताकद असली म्हणजे विरळ हवा बाधत नाही, हा गैरसमज आहे. उलट तंदुरुस्त माणूस भराभर चढतो आणि लवकर अडचणीत येतो.

शरीर जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. १९६२च्या युद्धात आपल्या जवानांना घाईने हिमालयात न्यावे लागले. त्यानंतर लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या आजारपणाचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. विरळ हवेच्या आजारावरचा तो आजही मूलभूत मानला जातो. आपल्या लष्कराचा आजचा शिरस्ता असा, की ९,००० ते १२,००० फुटांच्या पट्ट्यात जवानाला सहा दिवस द्यायचे, त्यातले पहिले दोन विश्रांतीचे. केदारकंठाचे बहुतेक मुक्काम याच पट्ट्यात येतात आणि सहलीच्या वेळापत्रकात तिथे दोन-तीन रात्रीच असतात. सांकरी ६,४०० फूट, दुसऱ्या दिवशी जुडा का तालाब ९,१०० फूट, तिसऱ्या दिवशी शिखराखालचा तळ ११,२५० फूट आणि त्याच रात्री तीनला शिखराकडे. हा हिशेब शरीराचा नाही, रजेचा आहे.

बहुतेक लोक हे करून सुखरूप परततात, हेही खरे. शिखरावर मुक्काम नसतो, लगेच उतरायचे असते. ज्यांना त्रास होतो, त्यांच्यापैकी बहुतेकांचाही डोकेदुखी, मळमळ आणि मोडलेली झोप यांवर निभावतो. घोटाळा होतो तो या लक्षणांना घरगुती नावे दिल्याने. डोके दुखले की ‘पित्त झाले’, धाप लागली की ‘थंडी बाधली’. विसाव्यातही धाप, कोरडा खोकला, ओठ निळसर पडणे ही फुप्फुसात पाणी भरू लागल्याची खूण असते. उंचीवर गेल्यावर साधारण दुसऱ्या ते चौथ्या रात्री हे घडते आणि कडाक्याची थंडी त्याला हातभारच लावते, कारण थंडीने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब आणखी वाढतो. सरळ रेषेत चालताना झोक जाणे, असंबद्ध बोलणे ही मेंदूला सूज आल्याची खूण. दोन्हींवर खरा उपाय एकच, खाली उतरणे. प्राणवायूचे नळकांडे आणि औषधे उतरेपर्यंत वेळ मिळवून देतात.

बर्फात आणखी एक फसवणूक होते. तहान लागत नाही, लघवी मात्र वाढते, आणि शरीर नकळत कोरडे पडते. घामाने भिजलेला सुती बनियन अंगावर राहिला की शरीराची ऊब वेगाने जाते. ब्रँडीने ऊब येते हा तर निव्वळ भास. कातडीकडे रक्त धावते आणि आतली उष्णता बाहेर जाते. बधिर बोटे बर्फाने चोळण्याची जुनी पद्धतही सोडायला हवी, त्याने इजा वाढते.

आयोजक डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात, ते रांगेत उभे राहून सहीपुरते घेतले जाते. रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनी तिथेच खरे सांगायला हवे. डायमॉक्सची गोळीही मित्राच्या सांगण्यावरून नव्हे, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आयोजकांनी सांकरीत किंवा पहिल्या तळावर एक रात्र वाढवावी आणि ट्रेकर्सनी तेवढी रजा काढावी. खर्च वाढेल, पण फार नाही.

त्यातूनही कुणाला त्रास झालाच, तर वरच्या तळावरून सांकरीकडे उजेडात काही तासांत उतरता येते. रात्री गोठलेल्या वाटेवर तेच उतरणे जोखमीचे. म्हणून डोके दुखते का, हे दुपारच्या चहालाच विचारावे, आणि ज्याला विचारले त्याने शिखर हुकेल म्हणून ‘काही नाही’ म्हणू नये.