नाक मुरडण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जवळच्या कोळीवाड्यातील एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. पोर शाळेतून आले की डोके धरून बसते, पोटात कळ येते म्हणते, अशी तक्रार. तपासले. ताप नव्हता, पोट मऊ होते, नजर ठीक होती. वजन मात्र कमी आणि पापण्या आतून फिकट. रक्त तपासून घेतले तर हिमोग्लोबिन साडेनऊ. "डबा खातोस का रे?" असे विचारताच मुलाने मान खाली घातली. आईच म्हणाली, "सुकट-भाकरी दिली की तशीच परत आनतो, डॉक्टर. पोरं वास येतो बोलतात, बाजूला बसत नाहीत. म्हनून आता बिस्किटचा पुडा देते."

वाचकहो, त्या मुलाला रोग म्हणावा असे फारसे काही नव्हते. सकाळपासून दुपारपर्यंत ते उपाशी राहत होते. आणि उपाशी राहण्याचे कारण गरिबी नव्हते, तर शेजारच्या बाकावरून आलेले एक "शी!" होते.

आता त्या सुकटीकडे डॉक्टरच्या नजरेने पाहू. ताज्या बोंबलात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. उन्हात वाळला की पाणी जाते आणि सत्त्व उरते. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात किंवा सुकटीत सुमारे ६० ग्रॅम प्रथिने असतात. सुकट सालासकट खाल्ली जाते, त्यामुळे तिच्यातून कॅल्शियमही भरपूर मिळते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, तेव्हा थळ-नवगावपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत हजारो घरांची प्रथिनांची गरज ही सुकी बेगमीच भागवते. तिच्या बदल्यात मिळालेला बिस्किटचा पुडा म्हणजे मैदा, साखर आणि तेल. वास चांगला, पोषण जवळजवळ शून्य. हा सौदा कोणी करायला लावला, याचा विचार आपण सर्वांनी करायला हवा.

किळस ही निसर्गाने दिलेली चांगली सोय आहे, हे मी नाकारत नाही. नासलेले, सडलेले तोंडात जाऊ नये म्हणून नाक पहारा करते. पण कशाची किळस करायची, हे बहुतांशी आपण शिकतो. रांगते मूल माती, मुंगी, चप्पल, काहीही तोंडात घालते. तीन-चार वर्षांनंतर ते मोठ्यांचे चेहरे पाहून "शी" म्हणायला लागते. एकदा शिकलेली किळस मग पुरावा मानत नाही. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळाच्या रसात बुडवून बाहेर काढले. त्या रसाने काही अपाय होणार नाही हे सांगूनही बहुतेकांनी तो पिण्याचे नाकारले. बुद्धीला पटले होते, नाकाला नाही.

जगभर हेच चालते. आइसलँडचे लोक ग्रीनलँड शार्कचे मांस कित्येक आठवडे आंबवतात आणि मग टांगून वाळवतात. वासाने परका माणूस पळून जातो. पण त्या शार्कचे ताजे मांस विषारी असते, आंबवल्यामुळेच ते खाण्याजोगे होते. जपानमध्ये न्याहारीला आंबवलेले, तार सुटणारे सोयाबीन खातात. फिलिपिन्समध्ये आत पिल्लू तयार होत आलेले बदकाचे अंडे उकडून खातात. आपल्या गडचिरोलीत माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात आणि ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या आहारात कीटक असतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ च्या अहवालात म्हटले आहे.

हे वाचून नाक मुरडले असेल तर आता आपल्या फोडणीच्या डब्याकडे वळा. ज्या हिंगाशिवाय आपले वरण होत नाही, त्या हिंगाला युरोपात "सैतानाची विष्ठा" असे नाव होते! आपण आवडीने खातो तो खरवस म्हणजे व्यालेल्या गाईचा चीक, हे परदेशी पाहुण्याला सांगून पाहा. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण ताटालाही लागू पडते.

मग वासाचे काय करायचे? याचे उत्तर आपल्या बोंबलानेच एकदा दिलेले आहे. १९९७ साली युरोपीय संघाने आरोग्याच्या कारणावरून भारतातील माशांच्या आयातीवर बंदी आणली, तिच्यात सुका बोंबीलही अडकला. तेथील चाहत्यांनी बरीच ओरड केली. पुढे तोडगा निघाला तो असा: बोंबील उघड्यावर, वाऱ्या-उन्हात वाळवायला हरकत नाही, पण त्याची बांधणी मान्यताप्राप्त, स्वच्छ ठिकाणी झाली पाहिजे. दोष वासाचा नव्हता, हाताळणीचा होता. गंमत म्हणजे त्याच युरोपीय संघाने २०२१ साली एका किड्याच्या वाळवलेल्या अळ्या माणसाचे अन्न म्हणून मंजूर केल्या.

आता माझीच एक चूक सांगतो. मी शाकाहारी घरात वाढलो. नव्वदच्या दशकात नवी पदवी घेऊन या जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो. एका कातकरी वाडीवरची बाई तपासणीला आली होती. काय खाता, असे विचारले. तिने सरळपणे सांगितले की, भात कापणी झाली की शेतातली बिळे खणतो, उंदीर भाजून खातो. माझ्या तोंडून "शी, असली घाण खात जाऊ नका" असे निघून गेले. बाई काही बोलली नाही. त्यानंतर जेव्हा जेव्हा विचारले तेव्हा उत्तर एकच, "डाळ-भात, साहेब."

काही वर्षांनी तीच बाई तापाने फणफणून माझ्या दवाखान्यात आली. डोळे लाल, पोटऱ्या दुखत होत्या. उंदरांशी काही संबंध आला का, असे मी मुद्दाम विचारले. ती "नाय" म्हणाली. मी हिवतापाच्या अंगाने उपचार सुरू केले. दोन दिवसांनी डोळे पिवळे झाले, तेव्हा नवऱ्याने सांगितले की, आठवड्यापूर्वी तिने बिळे खणली होती आणि हाताला जखम होती. लेप्टोचा संशय धरून तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. सुदैवाने ती वाचली. पण ते दोन दिवस वाया गेले ते माझ्या त्या एका "शी"मुळे. पेशंट डॉक्टरपासून खाणे लपवू लागला की डॉक्टर आंधळा होतो.

उंदीर खाण्यात धोका नाही, असे माझे म्हणणे नाही. धोका आहे, आणि तो काय आहे हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. हाताला जखम असेल तर बिळात हात घालू नका, साफ केल्यावर साबणाने हात धुवा, मांस पूर्ण शिजवा, विष घातलेल्या शेतातला उंदीर खाऊ नका. एवढे सांगितले असते तर तिने ऐकले असते. "घाण" या शब्दात ऐकण्यासारखे काहीच नसते.

तेव्हा कोणत्याही पदार्थाबद्दल वासापेक्षा हे प्रश्न विचारावेत.

पदार्थ ताजा किंवा नीट टिकवलेला आहे का? बांगडा, कुपा यांसारखे मासे उन्हात बराच वेळ राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होते. ते शिजवूनही जात नाही. अंग लाल होते, खाज सुटते, डोके ठणकते. दमट जागेत ठेवलेल्या सुक्या मासळीवर बुरशी आली तर ती झटकून खाऊ नये, टाकून द्यावी.

तो आला कुठून? सांडपाणी येणाऱ्या खाडीतल्या कालवे-तिसऱ्यांतून कावीळ आणि टायफॉइड येऊ शकतो. अर्धवट उकडलेल्या खाऊ नयेत.

तो जात्याच विषारी आहे का? केंड मासा कितीही शिजवला तरी त्याचे विष जात नाही. तो जाळ्यात आला तर खाऊ नये आणि कोणाला देऊही नये.

तो या माणसाला सोसतो का? रक्तदाब असलेल्याने खारवलेली मासळी टाळावी किंवा पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून अगदी थोडी खावी. कोळंबीने अंगावर गांधी उठत असतील तर सुकटही नको. युरिक अ‍ॅसिडच्या दुखण्याने, म्हणजे गाऊटने, अंगठा सुजणाऱ्याने कलेजी-वजरीपासून दूर राहावे. उलट रक्त कमी असलेल्या, मांसाहार करणाऱ्या माणसाला तीच कलेजी किंवा बोकडाची रक्ती, नीट शिजवलेली, अधूनमधून खाणे फायद्याचे. तिच्यातले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीरात चांगले शोषले जाते.

या प्रश्नांत "वास कसा आहे?" हा प्रश्न नाही. नासल्याचा वास अर्थातच ओळखावा, पण सुकटीला सुकटीचाच वास येणार.

शाकाहारी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. न खाण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मी आजही मासे खात नाही आणि कोणी आग्रह केलेला मला आवडत नाही. पण आपल्या ताटात काय नको हे ठरवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून तोंड वाकडे करणे वेगळे. पहिले आपले मत झाले. दुसऱ्याने एखाद्या मुलाचे हिमोग्लोबिन साडेनऊवर येते.

त्या मुलाला मी जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. घरी रोज संध्याकाळी सुकट, जवळा, अंडे जे असेल ते द्यायला सांगितले. त्याच्या शिक्षिकेशीही बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकरावर गेले आणि डोकेदुखी थांबली. आता तो डबा संपवून येतो. पण त्या डब्यात चपाती-भाजी असते. शाळेत सुकट अजून जात नाही, असे आई परवा सांगत होती.

ते औषध माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. आज रात्री जेवताना आपल्या मुलांना एवढेच विचारा, वर्गात कोणाच्या डब्याला नावे ठेवता का रे?