आधी माती, मग प्रेक्षागृह

मैदान-सुधारणेचा जो प्रस्ताव सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे, त्याला अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या बेसबॉल स्टेडियमची रंगीत छायाचित्रे जोडलेली आहेत. हिरवेगार गवत, तांबडी माती, भले मोठे प्रेक्षागृह, उंच दिव्यांचे खांब. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ती हौसेने पाठविली आणि 'आपल्या शाळेत असे काही का नको?' असे विचारले. प्रश्न रास्त आहे. देणगी द्यायची त्यांची तयारी आहे, याचे आम्हाला कौतुकच वाटते. मात्र त्या स्टेडियमचा इतिहास छायाचित्रांत दिसत नाही, आणि आमच्या मते तोच अधिक पाहण्यासारखा आहे.

हे स्टेडियम म्हणजे मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचे डूडी नोबल फील्ड. गाव स्टार्कव्हिल. २०२० च्या जनगणनेत तेथील वस्ती सुमारे २४ हजार भरली, म्हणजे आपल्या बडोद्याच्या एका वॉर्डाएवढीही नाही. अशा गावात एप्रिल २०२३ मध्ये त्याच राज्यातील प्रतिस्पर्धी विद्यापीठाविरुद्धच्या एका सामन्याला १६,४२३ प्रेक्षक आले. विद्यापीठाच्या आवारात झालेल्या बेसबॉल सामन्याचा तो विक्रम ठरला. गावाच्या वस्तीच्या दोन-तृतीयांश माणसे, तीही विद्यार्थ्यांचा खेळ पाहायला!

एवढी माणसे स्टेडियम भव्य आहे म्हणून आली, असे वाटण्याचा संभव आहे. घडले ते उलट. या जागी खेळ सुरू झाला १९६७ मध्ये. डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे विद्यार्थी आणि गावकरी आपले ट्रक लावीत, त्यांवर उभे राहून सामना पाहत. पुढे कोणी ट्रकवर फळ्या ठोकून बाके केली, कोणी जुना ट्रेलर आणून त्यावर पायऱ्या बांधल्या, शेगड्या पेटल्या, शेजारपाजार जमला. त्या जागेला 'लेफ्ट फील्ड लाउंज' असे नाव पडले. एखाद्या संस्थेने हा पसारा म्हणून हुसकावून लावला असता. या विद्यापीठाने तो राहू दिला, त्याला नियम घालून दिले. दरम्यान संघ घडत गेला. रॉन पोक यांच्यासारखे प्रशिक्षक १९७६ पासून वर्षानुवर्षे लाभले. विल क्लार्क, राफाएल पाल्मेरो यांच्यासारखे पुढे व्यावसायिक बेसबॉल गाजविणारे खेळाडू विद्यार्थिदशेत येथे खेळले. प्रेक्षागृहही मधूनमधून वाढत होते. पण छायाचित्रांत दिसते ती सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरची बांधणी पुरी झाली २०१९ च्या सुमारास, म्हणजे पहिल्या सामन्यानंतर अर्ध्या शतकाने. त्यातही कुंपणापलीकडची ती बैठक आणि त्या शेगड्या त्यांनी सोडल्या नाहीत. आणि राष्ट्रीय विजेतेपद? ते २०२१ मध्ये प्रथमच मिळाले.

आता विद्यार्थी मित्रांसाठी थोडे मैदानाविषयी. बेसबॉलचे मैदान दुरून सपाट वाटले तरी त्यात इंचाइंचाचा हिशोब असतो. चार बेसांचा चौकोन प्रत्येकी ९० फुटांचा. पिचर चेंडू टाकतो तो मातीचा उंचवटा बरोबर १० इंचांचा, आणि तेथून फलंदाजाच्या पाटीपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच. ही माती चिकण असावी लागते. ती रोज पाणी मारून, ठोकून सारखी करावी लागते आणि पाऊस आला की मोठ्या ताडपत्रीखाली झाकावी लागते. कुंपणालगत गवत नसलेला एक पट्टा असतो. वर चेंडूकडे पाहत मागे धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या पायाला माती लागली, की भिंत जवळ आली हे त्याला न पाहता कळते. खेळाडूंच्या बसण्याची जागा, तिला डगआउट म्हणतात, बहुतेक ठिकाणी जमिनीत थोडी खोल असते, म्हणजे मागच्या प्रेक्षकांची दृष्टी अडत नाही. आम्हाला सर्वांत आवडलेल्या सोयी या आहेत. त्यांतली एकही उद्‌घाटनाच्या फितीला शोभणारी नाही.

माती राखण्याचे शास्त्र बडोदेकरांना अमेरिकेकडून शिकायला नको. प्रा. माणिकरावांच्या आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहरात आखाड्याची माती चाळून, तेल-ताक घालून मऊ ठेवणारी माणसे आपल्या आजोबांनी पाहिली आहेत. आखाड्यात कोणी चपला घालून उतरत नसे.

आणि आपण शाळेच्या मैदानात काय उतरवतो? लग्नसराईत मंडप. भाड्याची रक्कम शाळेला लागते, हे आम्हास मान्य आहे. तुटपुंज्या अनुदानात शाळा चालविणे म्हणजे तारेवरची कसरत, आणि हिशोब सांभाळणाऱ्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण मंडप उठल्यावर खांबांचे खड्डे राहतात, मातीत खिळे राहतात. आपल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात. हा खेळ बेसबॉलचाच धाकटा भाऊ, चौकोन ६० फुटांचा. बेसकडे धावत येऊन घसरत जायचे, हे त्यातले मुख्य कौशल्य. खिळ्यांच्या भीतीने आपल्या मुली घसरत नाहीत. उभ्या राहतात आणि बाद होतात. स्पर्धेत त्या का हरतात याची चर्चा शिक्षक-पालक सभेत झाली, तेव्हा सरावाचा अभाव हे कारण पुढे आले. कारण मैदानात पुरलेले आहे.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. मैदानाजवळ मुलींना कपडे बदलायला खोली नाही. नववीत गेल्यावर एकेक मुलगी खेळ सोडते आणि आपण 'अभ्यास वाढला' म्हणतो. ज्या अमेरिकेची छायाचित्रे आपण पाहतो, तेथे केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगे-मुलींत भेदभाव करता येणार नाही, असा कायदा १९७२ मध्ये झाला आणि तो खेळालाही लागू पडला. आपल्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. चार भिंती, एक नळ आणि आतून लागणारी कडी पुरे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की देणगी जरूर घ्यावी, पण प्रस्तावातला क्रम उलटा करावा. संगमरवरी पाटी असलेले प्रेक्षागृह शेवटी. आधी मैदानावरची माती एक वीत खणून, चाळून पुन्हा भरावी आणि पावसाचे पाणी निघून जाईल असा उतार द्यावा. मुलींची खोली आणि पिण्याच्या पाण्याची सोय त्याच बरोबर. उरलेल्या रकमेची ठेव करून तिच्या व्याजातून मैदान राखणाऱ्या माणसाचा पगार द्यावा. देणगीदारांना आपले नाव कोठे तरी दिसावे असे वाटत असेल, तर ते या माणसाच्या सदऱ्यावर छापावे. आम्ही हे थट्टेने म्हणत नाही. प्रेक्षकांसाठी तूर्त कडुलिंबाखाली पारासारखा लांब ओटा पुरेल. पालकांनी संध्याकाळी तेथे येऊन बसावे, डबा आणावा, मुलींना नावाने हाक मारून शाबासकी द्यावी.

मंडपाच्या भाड्याची जी तूट येईल तिच्यासाठी पालक-संघाने वार्षिक वर्गणीचा विचार करावा. आम्ही आमची वर्गणी द्यायला तयार आहोत आणि तसे पत्र कार्यालयात दिले आहे. तुळशीचे लग्न लागले की मंडपवाले तारखा ठरवायला येतात. विश्वस्त मंडळाने निर्णय त्याआधी घ्यावा, ही नम्र विनंती.