उद्यानाचे कुलूप

दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीच्या उद्यानाला मार्च २०२० मध्ये कुलूप लागले. रहिवासी समितीचा सदस्य या नात्याने त्यास माझीही संमती होती. विषाणूविषयीची माहिती तेव्हा तोकडी होती. म्हणून त्या संमतीची मला खंत नाही. खंत आहे ती याची की, कुलूप लावताना त्याची किंमत आम्ही मांडली नाही आणि ते कधी काढायचे हेही ठरवले नाही.

अर्थशास्त्रात एक साधा धडा शिकवतात : एक पर्याय निवडल्यामुळे जो दुसरा सोडावा लागतो, त्याचे मोलही खर्चातच धरायचे असते. येथे सोडलेला पर्याय होता रोजचे चालणे. कॅलिफोर्नियातील ४८,४४० कोविडबाधितांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यास किमान १५० मिनिटे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत सातत्याने निष्क्रिय असणाऱ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. अशा अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होतोच असे नाही. तथापि व्यायामाला चैन समजणे चुकीचे होते, एवढे निश्चित.

याचा अर्थ सारेच उघडे ठेवावे, असा नव्हे. दक्षिण कोरियातील चेओनान येथे २०२० च्या आरंभी झुंबा नृत्यवर्गांशी निगडित ११२ रुग्ण आढळले. बंद खोली, दाटी आणि जोरजोराने घेतलेला श्वास यांचा तो परिणाम होता. मोकळ्या हवेत अंतर राखून चालणे ही निराळी गोष्ट आहे. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये कडक निर्बंध लादतानाही दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा ठेवली होती. आपल्या दाट वस्त्यांत गर्दी आवरणे अधिक कठीण होते, हे मान्य; परंतु वेळा वाटून देणे अशक्य नव्हते.

त्या काळात मी माझ्या घराच्या गच्चीवर नियमाने चालत होतो. त्याच वसाहतीत एका खोलीत चौघांसह राहणाऱ्या शिपायाची गच्ची म्हणजे ते उद्यानच होते. नियम दोघांना एकच होता, भार मात्र एकावरच पडला.

पुढील साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. मात्र तेव्हाच्या प्रत्येक बंदी-आदेशात दोन गोष्टी असाव्यात : बंदिस्त आणि मोकळ्या जागांसाठी वेगवेगळे नियम, आणि फेरविचाराची तारीख. कुलूप लावणाऱ्यानेच किल्लीचीही जबाबदारी घ्यावी, असे माझे मत आहे.