फोटो काढा, पण आधी पाहा

मुंबईत राहणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांनी भायखळ्याची राणीची बाग पाहिली असेल. ही बाग १८६२ सालापासून आहे. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण ईदच्या सुट्टीत घरातून निघताना सगळे ‘राणीबाग’च म्हणतात. तिथे गेल्यावर तुम्ही काय करता? खरे सांगा. पिंजऱ्याजवळ पोहोचताच अब्बांचा मोबाइल मागता, प्राण्याकडे पाठ करता आणि स्वतःचा फोटो काढता!

मी एकदा माझ्या वर्गाला तिथे घेऊन गेलो होतो. २०१६ साली या बागेत हंबोल्ट जातीचे पेंग्विन आणले गेले. हे पक्षी मूळचे दक्षिण अमेरिकेतील पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. मुंबईची गरमी त्यांना सोसत नाही. म्हणून त्यांना काचेच्या आड, थंड जागेत ठेवले आहे. मुलांनी भराभर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले, “पेंग्विनच्या छातीवर काळे पट्टे किती?” कोणालाच सांगता येईना. एक मुलगा म्हणाला, “सर, फोटोत पाहून सांगू का?” त्याने फोटो काढून पाहिला. पेंग्विनच्या जागी पांढरा डाग होता. फ्लॅशचा उजेड काचेवर आपटून परत आला होता. (पट्टा एकच असतो, बरे का!)

फोटो काढू नका, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, फोटो काढायचा तर नीट काढा. काचेपलीकडचा प्राणी टिपायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवा. मोबाइल काचेच्या अगदी जवळ न्या, म्हणजे काचेत तुमचेच प्रतिबिंब दिसणार नाही. प्राण्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा. डोळे स्पष्ट आले की फोटो जिवंत वाटतो. आणि थांबा. प्राणी आपल्या हुकमाने वळत नाही. तो वळावा म्हणून लोक काच ठोकतात, शिट्ट्या मारतात, खडे फेकतात. तुमच्या झोपेच्या वेळी कोणी दारावर थापा मारत राहिले तर तुम्हाला कसे वाटेल? प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला चिडवणे, खायला घालणे किंवा गोंगाट करून त्रास देणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तसे कलमच आहे.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. पिंजऱ्यातला एखादा प्राणी एकाच रेषेत सारखा इकडून तिकडे फिरतो. कधी एखादा प्राणी उभ्या जागी डोके हलवत राहतो. लोक हसतात आणि म्हणतात, “बघा, कसा नाचतोय!” मग त्याची फिल्म काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवतात. तो नाच नसतो. कोंडलेल्या आणि कंटाळलेल्या प्राण्याला बहुधा अशी सवय जडते. अशी फिल्म तुमच्याकडे आली तर पाठवणाऱ्याला हे जरूर सांगा.

प्राणिसंग्रहालयातल्या फोटोची किंमत किती असू शकते, हे क्वागाच्या गोष्टीवरून कळेल. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतला झेब्रा. त्याचे पट्टे डोक्यावर आणि मानेवर ठळक असत. मागे मागे ते पुसट होत जात आणि मागचा भाग तपकिरी दिसे. शिकाऱ्यांनी हा प्राणी संपवला. शेवटचा क्वागा १८८३ साली ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. जिवंत क्वागाचे फोटो जगात फक्त एकाच मादीचे आहेत. ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात होती. १८६३ ते १८७० च्या दरम्यान तिचे काही फोटो काढले गेले. त्यांतले पाच आज माहीत आहेत. त्या फोटोंत ती भिंतीजवळ शांत उभी आहे. फोटो काढणाऱ्याने तिच्यासमोर स्वतःला उभे केले असते तर?

काही जण फोटोतून पिंजरा गायब करतात. हे अवघड नाही. जाळीजवळ कॅमेरा धरला आणि प्राणी दूर असला की जाळी पुसट होते. ही युक्ती चांगली आहे, मीही वापरतो. पण त्या फोटोखाली ‘जंगलातला वाघ’ असे लिहिणे म्हणजे खोटे बोलणे. मला तर वाटते, कधी कधी जाळीही दिसू द्यावी. तो प्राणी कुठे राहतो, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

त्या सहलीत एक मुलगा पाणघोड्याच्या तळ्याजवळच राहिला. बाकीचे पुढे गेले तरी तो हलेना. शेवटी मी त्याला आणायला गेलो. त्याला पाणघोड्याची जांभई टिपायची होती. जांभई काही मिळाली नाही. त्याच्या फोटोत फक्त दोन कान आणि दोन नाकपुड्या पाण्यावर आल्या होत्या. पण परत येताना बसमध्ये तो सगळ्यांना सांगत होता, “तो वर आला ना, की आधी जोरात श्वास सोडतो आणि मग कान फडफडवतो. दर वेळी! मी मोजले, सात वेळा.”